लिनक्सवर आरचं पॅकेज बसत नाही: 'नॉन-झिरो एक्झिट स्टेटस' पुन्हा पुन्हा का येतो?

आर या संख्याशास्त्राच्या भाषेत 'इन्स्टॉल डॉट पॅकेजेस' ही कमांड दिली की वीस मिनिटं टर्मिनलमध्ये ओळी धावत राहतात आणि शेवटी एवढंच उरतं: 'हॅड नॉन-झिरो एक्झिट स्टेटस'. पुन्हा कमांड द्यावी, तर पुन्हा वीस मिनिटं आणि पुन्हा तीच ओळ. हेच पॅकेज विंडोजच्या लॅपटॉपवर अर्ध्या मिनिटात बसलेलं असतं, त्यामुळे माणूस आपल्या लिनक्सवर किंवा रास्पबेरी पायसारख्या छोट्याशा बोर्डावर शंका घेऊ लागतो. बहुतेक वेळा दोष त्यांचा नसतो.

आरची पॅकेजं क्रॅन या अधिकृत ऑनलाइन भांडारात असतात. क्रॅन विंडोज आणि मॅकसाठी जवळपास प्रत्येक पॅकेजची तयार, म्हणजे बायनरी, प्रत ठेवतं. लिनक्ससाठी फक्त सोर्स कोड असतो, कारण डेबियन, उबंटू, फेडोरा, अल्पाइन या प्रत्येकात सिस्टिम लायब्ररींच्या आवृत्त्या वेगळ्या असतात आणि एकच बायनरी सगळीकडे चालेल याची खात्री देता येत नाही. म्हणून लिनक्सवर ती कमांड देता तेव्हा तुम्ही पॅकेज नुसतं उतरवत नसता, ते आपल्या यंत्रावर कंपाइल करत असता, म्हणजे सोर्स कोडपासून चालवता येईल अशी प्रत बनवत असता. त्यासाठी सी, सी प्लस प्लस आणि अनेकदा फोरट्रानचा कंपायलर लागतो, हेडर फायली लागतात, मेमरी लागते, तात्पुरती जागा लागते. यातलं काहीही कमी पडलं तरी शेवटची ओळ तीच असते. तो एरर म्हणजे नुसती 'काम झालं नाही' अशी नोंद आहे. कारण वर कुठेतरी असतं.

आधी खरी चूक शोधा

टर्मिनलमध्ये शेवटी सात पॅकेजांची नावं दिसतात आणि सातही पडली असं वाटतं. सहसा पडलेलं असतं एकच, बाकीची सहा त्याच्यावर अवलंबून असतात म्हणून थांबतात. यादीतलं पहिलं नाव घ्या आणि फक्त तेवढंच पॅकेज पुन्हा इन्स्टॉल करा. लॉग एकदम छोटा होतो. ओळी फार वेगाने जात असतील तर त्याच कमांडला 'कीप अंडरस्कोअर आउटपुट्स' हा पर्याय 'ट्रू' करून द्या, म्हणजे प्रत्येक पॅकेजचा लॉग चालू फोल्डरमध्ये वेगळ्या फायलीत राहतो. मग शेवटून वर न जाता सुरुवातीपासून खाली वाचत या आणि 'एरर' हा शब्द पहिल्यांदा जिथे येतो तिथे थांबा.

कर्ल, ओपनएसएसएल, एक्सएमएल-टू अशा पॅकेजांच्या लॉगमध्ये तिथे 'अँटीकॉन्फ' नावाची चौकट दिसते. तिच्यात उत्तर सरळ लिहिलेलं असतं: 'डेब' या शब्दापुढे डेबियन-उबंटूचं नाव, 'आरपीएम'पुढे फेडोरा आणि रेड हॅट घराण्यातलं नाव. कर्लसाठी डेबियनवर 'लिबकर्ल४-ओपनएसएसएल-डेव्ह', फेडोरावर 'लिबकर्ल-डेव्हेल'. ते नाव उचलायचं, सिस्टिमच्या पॅकेज मॅनेजरने टाकायचं आणि आरमध्ये परत यायचं.

इथे बरेच जण अडतात. "माझ्याकडे लिबकर्ल आहे की, कर्ल कमांड तर चालते!" आहेच. पण कमांड चालायला रनटाइम लायब्ररी पुरते. कंपाइल करायला हेडर फायली लागतात, आणि डेबियन त्या वेगळ्या पॅकेजात ठेवतं. नावाच्या शेवटी 'डेव्ह' असतं ते त्यासाठीच. आरच्या बाबतीतही तसंच: 'आर-बेस' टाकल्यावर 'आर-बेस-डेव्ह' हेही टाका, म्हणजे कंपायलर, जीफोरट्रान आणि नेहमी लागणाऱ्या हेडर फायली एकदम येतात.

टायडीव्हर्स (डेटा हाताळणीच्या पॅकेजांचा संच) अडलं तर बहुधा साखळी अशी असते: टायडीव्हर्सला राग हे पॅकेज लागतं, रागला टेक्स्टशेपिंग, आणि टेक्स्टशेपिंगला हार्फबझ आणि फ्रिबिडी या सिस्टिम लायब्ररी. त्यांच्याबरोबर फाँटकॉन्फिग, फ्रीटाइप, पीएनजी, जेपेग आणि टिफ यांच्या 'डेव्ह' प्रतीही लागतात. नकाशांसाठी एसएफ टाकत असाल तर जीडॅल, जिओस, प्रोज आणि यूडीयुनिट्स या चारही लागतील. एकेक टाकून पुन्हा पुन्हा प्रयत्न करण्यापेक्षा चारही एकदम टाका.

पॅकेज नवीन, आर जुनं

'पॅकेज इज नॉट अव्हेलेबल फॉर धिस व्हर्जन ऑफ आर' हा संदेश आला तर कंपायलरच्या मागे लागू नका, कंपाइल सुरूच झालेलं नसतं. डेबियन ११ मध्ये आर ४.०.४ मिळतं, डेबियन १२ मध्ये ४.२.२. उबंटू २२.०४ मध्ये ४.१.२ आणि २४.०४ मध्ये ४.३.३. वितरण जुनं होत जातं, पण त्यातलं आर तिथेच राहतं. क्रॅनवरची पॅकेजं मात्र पुढे जातात. मॅट्रिक्स हे त्याचं ठळक उदाहरण. त्याच्या १.७ मालिकेला आर ४.४ लागतं, आणि मिश्र प्रारूपांची कितीतरी पॅकेजं मॅट्रिक्सवर उभी आहेत. त्यामुळे आर ४.३ असलेल्या यंत्रावर 'डिपेंडन्सी मॅट्रिक्स इज नॉट अव्हेलेबल' असं येतं आणि मॅट्रिक्स क्रॅनवरून गेलं की काय असं वाटतं.

मॅट्रिक्स, मास, एनएलएमई, सर्व्हायव्हल ही 'शिफारस केलेली' पॅकेजं आहेत. तुम्ही 'आर-बेस' टाकलंत तर ती वितरणाकडूनच, तुमच्या आरला जुळतील अशा आवृत्तीत येतात. जागा वाचवण्यासाठी कुणी फक्त 'आर-बेस-कोअर' टाकतं आणि 'नो इन्स्टॉल रेकमेंड्स' हा पर्याय देतं, तेव्हा ती वगळली जातात. मग आर ती क्रॅनवर शोधतं आणि वरचा एरर येतो. छोट्या बोर्डांवर हे फार घडतं, कारण जागा वाचवायची धडपड तिथेच जास्त असते. 'आर-रेकमेंडेड' टाका, बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं.

नवं आरच हवं असेल तर उबंटूसाठी क्रॅनची स्वतःची रिपॉझिटरी आहे, नावाच्या शेवटी 'क्रॅन४०' असतं. ती जोडण्याआधी तुमच्या प्रोसेसरसाठी तिथे बायनरी आहे का ते पाहा. नसेल तर एपीटी (डेबियन-उबंटूचा पॅकेज मॅनेजर) 'डझंट सपोर्ट आर्किटेक्चर' असं सांगून पुढे जातं आणि जुनंच आर इन्स्टॉल होतं. ती ओळ चटकन नजरेतून सुटते. आर बदलता येत नसेल तर रिमोट्स पॅकेजातल्या 'इन्स्टॉल व्हर्जन'ने त्या पॅकेजची जुनी आवृत्ती घ्या.

कंपाइल करायलाच हवं का?

माझं मत स्पष्ट आहे: टाळता येत असेल तर टाळा. डेबियनमध्ये आरची हजाराहून जास्त पॅकेजं आधीच कंपाइल करून ठेवलेली आहेत. त्यांची नावं 'आर-क्रॅन'ने सुरू होतात: आर-क्रॅन-टायडीव्हर्स, आर-क्रॅन-एसएफ, आर-क्रॅन-एलएमई४. नाव सगळं लहान लिपीत लिहायचं. ती आर्म जातीच्या प्रोसेसरसाठीही असतात, त्यामुळे रास्पबेरी पायवरही चालतात, आणि लागणाऱ्या सिस्टिम लायब्ररी सोबत येतात. आवृत्ती थोडी जुनी असते. पण चालणारं जुनं पॅकेज हाताशी असताना न चालणाऱ्या नव्यासाठी रात्र घालवू नये असं मला मनापासून वाटतं.

उबंटूची एलटीएस (दीर्घकाळ अपडेट मिळणारी) आवृत्ती असेल तर डर्क एडेलब्युटेल यांचा 'आर-टू-यू' प्रकल्प पाहा. जवळपास संपूर्ण क्रॅन तिथे एपीटीच्या पॅकेजांच्या रूपात मिळतं. पॉझिट या कंपनीचा पब्लिक पॅकेज मॅनेजरही लिनक्ससाठी बायनरी देतो, पण त्याच्या पत्त्यात तुमच्या वितरणाचं नाव असलेला 'लिनक्स' हा भाग हवा आणि आरने पाठवलेल्या 'युझर एजंट'मध्ये आरची आवृत्ती आणि प्लॅटफॉर्म हवा. यातलं एक चुकलं तर तो काही न बोलता सोर्स देतो. नेमकं काय मिळालं हे ओळखायची सोपी खूण आहे. लॉगच्या सुरुवातीला 'इन्स्टॉलिंग बायनरी पॅकेज' आहे की 'इन्स्टॉलिंग सोर्स पॅकेज' ते बघायचं. 'सोर्स' दिसलं तर तिथेच थांबवा आणि पत्ता दुरुस्त करा.

एपीटीने टाकलेलं पॅकेज आणि तुम्ही स्वतः टाकलेलं पॅकेज वेगवेगळ्या फोल्डरमध्ये जातात, आणि आर आधी तुमच्या होम फोल्डरमधली लायब्ररी बघतं. तिथे जुनी, मोडकी प्रत पडलेली असेल तर एपीटीने नवी टाकूनही उपयोग होत नाही. 'डॉट लिबपाथ्स' चालवून क्रम बघा आणि जुनी प्रत काढून टाका.

छोट्या बोर्डांवरचे वेगळे त्रास

इथे थोडं सविस्तर लिहितो, कारण सर्वांत जास्त वेळ इथेच जातो.

पहिली गोष्ट मेमरीची. लॉगमध्ये 'किल्ड सिग्नल टर्मिनेटेड प्रोग्रॅम सीसी१प्लस' अशी ओळ आली तर कोडमध्ये काही चूक नाही. मेमरी संपली म्हणून कर्नलनेच कंपायलर बंद पाडला. 'डीमेसेज' चालवलं तर 'आउट ऑफ मेमरी' ही नोंद सापडते. रास्पबेरी पाय ३ मध्ये १ जीबी रॅम असते, पाय झीरो २ मध्ये ५१२ एमबी. आरसीपीपी-आयगेन किंवा स्टॅनवर आधारलेल्या पॅकेजांची एकेक फाइल कंपाइल करताना यापेक्षा जास्त मेमरी सहज लागते.

तापमान आणि आर्द्रता नोंदवणाऱ्या एका पेटीत मी पाय ३ बसवला होता आणि विश्लेषण तिच्यातच व्हावं म्हणून आरस्टॅन टाकायला गेलो. बोर्डाला चार कोअर आहेत, तर चारही वापरू, या विचाराने 'मेकफ्लॅग्ज'मध्ये 'जे४' (एका वेळी चार कामं) ठेवलं होतं. सलग तीन रात्री तेच झालं: सकाळी बोर्ड एसएसएचलाही उत्तर देत नव्हता. चार कोअर म्हणजे चार कंपायलर एकाच वेळी, आणि प्रत्येकाला आपापली मेमरी. 'जे१' केलं, स्वॅप (डिस्कवरची पूरक मेमरी) २ जीबी केलं, आणि चौथ्या रात्री ते बसलं. वेळ चिक्कार लागला, पण बसलं.

रास्पबेरी पाय ओएसच्या बऱ्याच आवृत्त्यांमध्ये स्वॅप 'डीफिज-स्वॅपफाइल' या सेवेकडे असतं आणि मुळात ते फक्त १०० एमबी ठेवलेलं असायचं. 'ईटीसी'मधल्या त्याच नावाच्या फायलीत 'कॉन्फ स्वॅपसाइझ' २०४८ करा आणि सेवा पुन्हा सुरू करा. काम झालं की आकडा पूर्ववत करा, कारण सतत लिहिण्याने एसडी कार्ड झिजतं. यूएसबीवर एसएसडी असेल तर स्वॅप तिच्यावर ठेवणं उत्तम.

दुसरी गोष्ट 'टेम्प' फोल्डरची. आर पॅकेज तिथे उघडून तिथेच कंपाइल करतं. अनेक एम्बेडेड सिस्टिममध्ये, आणि आता डेबियन १३ मध्येही, 'टेम्प' रॅममध्ये असतो. म्हणजे डिस्कवर भरपूर जागा असूनही 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' येऊ शकतो, शिवाय आधीच अपुरी असलेली मेमरी आणखी कमी होते. काही ठिकाणी सुरक्षेसाठी 'टेम्प'वर 'नोएक्झेक' लावलेलं असतं. मग 'कॉन्फिगर: परमिशन डिनाइड' येतो आणि लोक सुडो लावून बघतात. सुडोने काही होत नाही. दोन्हीवर इलाज एकच: डिस्कवर एक फोल्डर करा आणि आर सुरू करण्याआधी 'टीएमपीडीआयआर' हे व्हेरिएबल त्याच्याकडे वळवा.

तिसरी गोष्ट आर्किटेक्चरची. पाय ४ वर 'युनेम'ने 'आर्क६४' सांगितलं म्हणून ६४-बिट आर्मची डेब फाइल उतरवली, तर ती बसत नाही. कारण ३२-बिट रास्पबेरी पाय ओएस २०२३ पासून पाय ४ वर ६४-बिट कर्नलने सुरू होऊ लागलं, पण त्याच्या वरचं सगळं सॉफ्टवेअर ३२-बिटच राहिलं. 'युनेम' फक्त कर्नलचं सांगतं. 'डीपीकेजी'ला 'प्रिंट आर्किटेक्चर' विचारा. तिथे 'आर्मएचएफ' आलं तर तुमची सिस्टिम ३२-बिट आहे. आरचंच काम करायचं असेल आणि बोर्ड ६४-बिट असेल, तर सगळं पुसून ६४-बिट ओएस टाकायची तयारी ठेवा. पुढचा खूप त्रास वाचतो.

इथेच एक धोका सांगून ठेवतो. पाय १ आणि पहिला झीरो यांचा प्रोसेसर आर्मव्ही६ आहे. डेबियनचं 'आर्मएचएफ' आर्मव्ही७ साठी बनवलेलं असतं, रास्पबेरी पाय ओएसचं मात्र आर्मव्ही६ साठी. दोन्हींचं नाव एकच. डेबियनची रिपॉझिटरी या जुन्या बोर्डांवर जोडली तर पॅकेजं बिनतक्रार उतरतात आणि चालवताना 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' म्हणून पडतात. कधीकधी सिस्टिमची मूळ लायब्ररीच बदलली जाते आणि बोर्ड सुरूही होत नाही.

उरलेल्या दोन गोष्टी झटपट. बऱ्याच बोर्डांवर बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं, त्यामुळे नेटवर्क जोडण्याआधी तारीख जुनी असते. मग एपीटी 'नॉट व्हॅलिड येट' म्हणतं आणि आरला क्रॅनचं सर्टिफिकेट पटत नाही. आधी 'डेट' कमांड बघा. आणि कंपायलर दर वेळी वेगळ्याच फायलीवर 'सेगमेंटेशन फॉल्ट' देत असेल तर वीजपुरवठा तपासा. तासभर पूर्ण भार पडल्यावर कमकुवत अडॅप्टरचा व्होल्टेज घसरतो. पायवर 'व्हीसीजेनकमांड'च्या 'गेट थ्रॉटल्ड'चं उत्तर शून्य नसेल तर आधी अडॅप्टर आणि बोर्डाचं तापमान यांकडे वळा.

काल चालत होतं, आज नाही

सिस्टिम अपग्रेड झाल्यावर आधी हमखास पडतं ते स्ट्रिंगआय. मजकूर हाताळणारं हे पॅकेज आयसीयू या युनिकोडच्या लायब्ररीशी जोडलेलं असतं आणि आयसीयूचा क्रमांक प्रत्येक वितरणात बदलतो: उबंटू २०.०४ मध्ये ६६, २२.०४ मध्ये ७०, २४.०४ मध्ये ७४. अपग्रेडनंतर जुना क्रमांक शोधत ते 'कॅनॉट ओपन शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल' म्हणतं. जुनी आयसीयू कुठून तरी आणून टाकू नका, जुन्या नावाची लिंकही करू नका. स्ट्रिंगआय पुन्हा इन्स्टॉल केलं की ते नव्या आयसीयूशी जोडलं जातं. आरची आवृत्ती बदलली असेल तर 'अपडेट डॉट पॅकेजेस'ला 'चेकबिल्ट ट्रू' द्या, म्हणजे जुन्या आरखाली बनलेली सगळी पॅकेजं नव्याने बनतात.

'फेल्ड टू लॉक डायरेक्टरी' आलं तर मागचं इन्स्टॉल मध्येच तुटलं आहे, वीज गेली असेल किंवा मेमरी संपली असेल. आरची दुसरी खिडकी चालू नाही याची खात्री करा आणि लायब्ररीतलं '००लॉक'ने सुरू होणारं फोल्डर काढून टाका.

एपीटी नसेल तेव्हा

योक्टो किंवा बिल्डरूट या छोट्या यंत्रांसाठी लिनक्स बांधणाऱ्या साधनांनी बनवलेल्या सिस्टिममध्ये कंपायलर नसतो आणि तो तिथे असूही नये. आर क्रॉस-कंपाइल करणं, म्हणजे एका जातीच्या यंत्रावर दुसऱ्या जातीसाठी बनवणं, अवघड आहे. एक तर टूलचेनमध्ये फोरट्रान चालू करावा लागतो. दुसरं, आर बनताना अर्धवट बनलेलं आर स्वतःच चालवून आपली मूळ पॅकेजं बाइट-कंपाइल करतं, आणि आर्मसाठी बनलेलं आर इंटेलच्या यंत्रावर तसंच चालत नाही. म्हणून मी हे काम क्यूईएमयू या एम्युलेटरवर किंवा त्याच जातीच्या मोठ्या बोर्डावर करतो.

पॅकेजांसाठीही तोच मार्ग. ८ जीबीच्या पाय ४ वर तीच ओएस आणि तेच आर ठेवा, तिथे 'आर कमांड इन्स्टॉल'ला 'बिल्ड' हा पर्याय द्या. पॅकेजची बायनरी टार फाइल तयार होते आणि तिच्या नावात प्लॅटफॉर्म लिहिलेला असतो. ती छोट्या बोर्डावर नेऊन इन्स्टॉल केली की कंपाइल न होता काही सेकंदांत बसते. सिस्टिम लायब्ररींच्या रनटाइम प्रती मात्र तिथे हव्यात.

बसलं, पण नीट चालत नाही

पडदा नसलेल्या बोर्डावर आलेख काढताना 'अनएबल टू ओपन कनेक्शन टू एक्स११' आलं तर 'ऑप्शन्स'मध्ये 'बिटमॅपटाइप' हा 'कैरो' करा. मराठी नावं 'यू प्लस' आणि आकड्यांच्या कोनी कंसांत दिसत असतील तर डेटा बिघडलेला नाही, लोकेल (भाषा आणि अक्षरांची सेटिंग) 'सी' आहे. 'लँग'मध्ये 'सी डॉट यूटीएफ-८' ठेवा.

आणि छोट्या बोर्डावरचं उत्तर लॅपटॉपच्या उत्तरापेक्षा शेवटच्या एक-दोन अंकांत वेगळं आलं, तर इन्स्टॉल चुकलं असं समजू नका. आरचे 'सम' आणि 'मीन' आतल्या बेरजेसाठी 'लाँग डबल' वापरतात. इंटेलच्या लिनक्सवर त्याची अचूकता ८०-बिट असते, तर ३२-बिट आर्मवर तो साध्या 'डबल'एवढाच, ८ बाइटचा असतो. दोन्हीकडची उत्तरं 'आयडेंटिकल'ने ताडून पाहिली तर ती वेगळी ठरतील. 'ऑल डॉट इक्वल'ने पाहा. त्याची मूळ सूट साधारण ०.०००००००१५ इतकी असते. त्यातही उत्तरं जुळली नाहीत तरच पॅकेजच्या आवृत्त्या तपासायला घ्या.